मेंदूची चित्रे आणि आपली मनःपरीक्षा

गेल्या काही वर्षांत आपल्या परिसंवादांतून, औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांतून आणि क्वचित आपल्याच चिकित्सालयांच्या भिंतींवरून एक चित्र वारंवार दिसू लागले आहे. करड्या रंगाचा मेंदू, त्यावर लाल-पिवळे ठिपके, आणि खाली असा मजकूर की ध्यानाने, मंत्रोच्चाराने अथवा अमुक मेध्य कल्पाने मनात होणारा पालट आता यंत्राने सिद्ध झाला आहे. हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला असेल. मलाही झाला होता. ज्या मनाविषयी आपल्या आचार्यांनी इतके सूक्ष्म विवेचन केले त्याची साक्ष आता परदेशी यंत्रे देत आहेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि साक्षीदाराची उलटतपासणी न करता त्याची साक्ष स्वीकारणे न्यायालयात चालत नाही, तसे ते शास्त्रातही चालू नये.

अवधान, भावना आणि मनोनिग्रह यांविषयी मेंदूच्या चित्रणातून झालेले संशोधन वैद्याने अवश्य वाचावे. परंतु त्याच्याकडून आयुर्वेदासाठी प्रमाणपत्र मागू नये, असे माझे मत आहे. त्याच वेळी, जेथे रुग्णाच्या हितासाठी मेंदूच्या चित्राची खरोखर गरज आहे तेथे ते करवून घेण्यास एक दिवसही विलंब लावू नये. या मताचा उत्तरार्ध मी ग्रंथांतून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून ती चूक आधी सांगतो.

एक चूक

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या एका गावातील बावन्न वर्षे वयाचे प्राथमिक शिक्षक पत्नीसह माझ्याकडे आले. तक्रार गुरुजींची नव्हती, पत्नीची होती. "डॉक्टर, हे पूर्वी असे नव्हते हो," असे त्या म्हणाल्या. वर्गात शिकविताना मध्येच थांबतात, बोललेले लक्षात राहत नाही, क्षुल्लक कारणावरून चिडतात, आणि एरवी तासन् तास ओसरीवर बसून राहतात. चुलीवर ठेवलेले दूध शेजारी बसलेले असताना करपले तरी उठून पाहिले नाही, असेही त्यांनी सांगितले. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, निद्रा व कोष्ठ यांची चौकशी केली. मुलीच्या लग्नाचे कर्ज आणि बदलीची धास्ती ही कारणे समोर होतीच. रज-तमाची वृद्धी, चिंतेने मनोवह स्रोतसांची दुष्टी, धृतिविभ्रंश असे निदान करून मी ब्राह्मी, जटामांसी, शिरोधारा असा उपक्रम सुरू केला. झोप थोडी सुधारली, आणि त्या सुधारणेने मी निश्चिंत झालो.

तीन महिन्यांनी पहाटेची डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तेव्हा मात्र मी दचकलो. कोल्हापूरला एमआरआय केले. कपाळामागे, घ्राणेंद्रियाच्या नाड्या जेथून जातात त्या खाचेत, मेंदूच्या आवरणाची एक मोठी गाठ होती. गाठ सौम्य जातीची होती. शस्त्रक्रिया झाली, गुरुजी पुष्कळसे पूर्ववत झाले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी शाळा सांभाळली. गंधज्ञान मात्र परत आले नाही.

नंतर अनेक रात्री मला ते करपलेले दूध आठवत राहिले. मी त्याची नोंद अनवधान म्हणून केली होती. वास्तविक त्या गृहस्थांना वासच येत नव्हता. एका कापसाच्या बोळ्यावर कापूर घेऊन तो नाकाजवळ धरला असता तरी ते कळले असते. इंद्रियांची परीक्षा न करता मी थेट मनाचे निदान केले. माझ्या चुकीचे खापर एमआरआयच्या अभावावर फोडणे सोपे होते. पण खरी चूक त्याच्या आधीची होती. आपल्याच शास्त्राने सांगितलेली परीक्षा मी अपुरी केली होती. ती पुरी केली असती तर चित्रणाची गरज मला पहिल्याच भेटीत उमगली असती. मेंदूचे चित्र आणि वैद्याची परीक्षा यांचे परस्परांशी नाते काय, याचा विचार मी तेव्हापासून करू लागलो.

यंत्र काय पाहते

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. गुरुजींचे जे चित्र काढले ते मेंदूच्या रचनेचे होते. गाठ, रक्तस्राव, सूज, क्षय हे त्यात प्रत्यक्ष दिसतात, आणि त्या बाबतीत हे यंत्र वैद्याचा तिसरा डोळा आहे यात संशय नाही. भिंतीवरच्या फलकांवरील लाल-पिवळे ठिपके ही गोष्ट निराळी आहे. त्यास फंक्शनल एमआरआय म्हणतात. मेंदूचा एखादा भाग अधिक कार्य करू लागला की तेथे रक्ताचा ओघ वाढतो आणि प्राणवायुयुक्त व प्राणवायुरहित रक्ताचे प्रमाण बदलते. या दोन प्रकारच्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असल्याने तो फरक यंत्राला टिपता येतो. सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० साली हे तत्त्व मांडले, आणि त्यानंतर एक-दोन वर्षांतच मानवी मेंदूवर त्याचा उपयोग सुरू झाला.

म्हणजे यंत्राला विचार दिसत नाही, राग दिसत नाही, मज्जापेशींचे कार्यही थेट दिसत नाही. त्या कार्यापाठोपाठ पाच-सहा सेकंदांनी शिखरास पोहोचणारा रक्ताचा बदल तेवढा दिसतो. चित्रातील एकेका लहान घनात लाखो पेशी असतात. शिवाय ठिपक्याचा रंग हा मेंदूचा रंग नव्हे. दोन अवस्थांतील मोजमापांची तुलना करून, फरक अमुक मर्यादेपलीकडे गेला तर तेथे रंग भरावा, असे संशोधकाने संगणकाला सांगितलेले असते. स्वयंपाकघरातून धूर निघाला म्हणजे चूल पेटली हे कळते. भाताला आधण आले आहे की माशाचे सार उकळते आहे, हे धुरावरून कळत नाही. आपल्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांचा दृष्टान्त घासून गुळगुळीत झालेला आहे. परंतु तो येथे पुनः तपासून पाहण्यासारखा आहे.

हाती काय लागले

या मर्यादा मान्य करूनही तीस-पस्तीस वर्षांच्या या संशोधनातून जे हाती लागले ते थोडेथोडके नाही. एक प्रसिद्ध प्रयोग असा. कागदावर हिरव्या शाईने 'लाल' हा शब्द लिहावा आणि समोरच्यास शाईचा रंग सांगावयास सांगावे. शब्द वाचण्याची सवय इतकी पक्की असते की जीभ 'लाल'कडे धावते, तिला आवरून 'हिरवा' म्हणावे लागते. स्ट्रूप यांनी १९३५ साली वर्णिलेला हा साधा प्रयोग पुढे मेंदूच्या चित्रणाच्या यंत्रांत करून पाहिला गेला. तेव्हा मेंदूच्या मध्यभागी पुढच्या बाजूस असणारा सिंग्युलेट हा भाग आणि कपाळामागील प्रीफ्रंटल भाग या आवरण्याच्या क्षणी अधिक कार्यरत होतात असे दिसले. हे वाचताना आपल्यापैकी कोणाला धृती आठवणार नाही? विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी ती धृती, आणि ती भ्रष्ट झाली की घडतो तो प्रज्ञापराध.

दुसरे उदाहरण अवधानाचे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली असे दाखविले की दोन कामे एकाच वेळी करावयास दिली असता प्रीफ्रंटल भागात एक अरुंद दरवाजा असल्यासारखे होते. दुसऱ्या कामाला पहिले पुरे होईपर्यंत तिष्ठावे लागते. चरकाचार्यांनी मनाचे अणुत्व आणि एकत्व हे दोन गुण सांगितले, आणि म्हणूनच सर्व इंद्रिये एकाच क्षणी आपापल्या विषयांना प्रवृत्त होत नाहीत असे प्रतिपादिले. एका हाती भ्रमणध्वनी आणि दुसऱ्या हाती गणिताचे पुस्तक धरणाऱ्या विद्यार्थ्याला समजावताना ही दोन्ही वचने मी आळीपाळीने वापरतो.

तिसरे उदाहरण भावनेचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००७ साली तीस व्यक्तींना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली. ज्या वेळी त्यांनी चेहऱ्यावरील भावनेला शब्दाने नाव दिले त्या वेळी अमिग्डाला या भावनेशी संबंधित भागाचे कार्य मंदावले आणि उजव्या प्रीफ्रंटल भागाचे वाढले. चेहऱ्याला नुसते एखाद्या माणसाचे नाव दिले तेव्हा तसे झाले नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण "डोके भणभणते", "छातीत धडधडते", "जीव थाऱ्यावर नाही" असे सांगतो. त्याच्याशी शांतपणे बोलून हे भय आहे, शोक आहे की ईर्ष्या आहे, याचे नाव त्याच्याच तोंडून वदवून घेणे हा सत्त्वावजयाचा प्रारंभ होय, असे मला अनुभवाने वाटत होते. या प्रयोगाने त्या अनुभवाला बळ आले, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

मात्र बळ येणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. धृती ही प्रज्ञेची शक्ती आहे. सिंग्युलेट हा मेंदूचा तुकडा आहे. हाच तुकडा वेदनेच्या वेळी, चूक झाल्यावर, श्वास कोंडल्यावरही कार्यरत होतो. तो उजळला म्हणजे धृती दिसली, असे म्हणणे म्हणजे एसटी स्थानकावर गर्दी दिसली म्हणून देवरुखची गाडी लागली, असे म्हणण्यासारखे आहे. गाडी लागली की गर्दी होते हे खरे. पण गर्दीला इतरही कारणे असतात.

साक्षीची उलटतपासणी

या क्षेत्रातील संशोधकांनी स्वतःच आपल्या साक्षीची जी तपासणी केली आहे ती वाचली म्हणजे त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. २००९ साली अमेरिकेतील एका गटाने सॅमन जातीचा एक मासा यंत्रात ठेवला. त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली आणि त्या माणसांच्या मनात कोणती भावना असेल असे रीतसर विचारले. गणितातील एक आवश्यक दुरुस्ती वगळली असता माशाच्या मेंदूतही लाल ठिपके उमटले. मासा मेलेला होता. मिरकरवाड्याच्या बंदरावरचे पोरही ज्याच्याकडे एकदा पाहून सांगेल की यात जीव नाही, त्याच्या मेंदूत यंत्राने 'भावना' दाखविली. हजारो ठिकाणी एकाच वेळी तुलना केली की काही ठिकाणी फरक निव्वळ योगायोगाने दिसणारच, आणि दुरुस्ती न केल्यास तो खरा वाटणार, हा त्या प्रयोगाचा धडा. दुरुस्ती केली तेव्हा ठिपके नाहीसे झाले.

२०२० साली 'नेचर' या नियतकालिकात आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १०८ व्यक्तींच्या मेंदूची तीच ती मोजमापे ७० निरनिराळ्या संशोधक गटांना देऊन तीच नऊ गृहीतके तपासावयास सांगितले. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट तंतोतंत एक नव्हती, आणि कित्येक गृहीतकांविषयी त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत.

आता आपल्या जवळच्या विषयाकडे येऊ. ध्यानाने मेंदू बदलतो, असे म्हणणारे दोन अभ्यास आपल्या व्याख्यानांतून फार सांगितले जातात. २००५ सालच्या अभ्यासात ध्यान करणाऱ्या २० व्यक्तींच्या मेंदूच्या बाह्यकाचे काही भाग इतरांपेक्षा जाड आढळले. २०११ साली १६ व्यक्तींच्या आठ आठवड्यांच्या वर्गानंतर काही भागांची घनता वाढल्याचे सांगितले गेले. यानंतरचा अध्याय मात्र कोणी सांगत नाही. २०२२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी, ज्यांत ध्यानाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेले रिचर्ड डेव्हिडसन हेही होते, त्याच पद्धतीच्या वर्गाचा २१८ व्यक्तींवर अधिक काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या रचनेत वर्गामुळे झालेला असा कोणताही बदल त्यांना आढळला नाही, आणि तसे त्यांनी निःसंकोच लिहिले. यावरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. आठ आठवड्यांत मेंदू जाड होतो, हा दावा तेवढा टिकत नाही. ज्या वैद्याने ध्यानाचे महत्त्व त्या जाडीवर उभे केले असेल त्याच्या पायाखालची वाळू मात्र सरकली.

बंगळुरूच्या निमहान्समध्ये ओंकाराच्या उच्चारावर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच. उच्चाराच्या वेळी अमिग्डालासह भावनेशी संबंधित अनेक भागांचे कार्य मंदावते असे त्यात दिसले, आणि केवळ 'स्स्स' असा ध्वनी काढताना तसे दिसले नाही. अभ्यास सुंदर आहे, आपल्या देशातील आहे. परंतु तो बारा व्यक्तींवरचा होता, आणि तो प्राथमिक स्वरूपाचा असल्याचे संशोधकांनी शीर्षकातच नमूद केले होते. त्यांनी लिहिलेला 'प्राथमिक' हा शब्द आपल्या फलकांवर येईपर्यंत गळून पडतो आणि त्या जागी 'सिद्ध' हा शब्द येऊन बसतो. हे कर्तृत्व आपले आहे, संशोधकांचे नव्हे.

पुण्याचा धडा

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. काय बिघडू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००८ सालच्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात दोन तरुण विद्यार्थ्यांना दोषी ठरविले. इतर पुराव्यांबरोबर एका मेंदू-चाचणीचा अहवालही त्या निकालात विचारात घेतला गेला होता. ही चाचणी एमआरआयची नव्हती. डोक्यावर विद्युदग्रे लावून मेंदूच्या विद्युत्लहरी टिपण्याची होती. आरोपीपुढे गुन्ह्याची हकीकत सांगणारी वाक्ये उच्चारावयाची, आणि ती ऐकताना मेंदूत 'अनुभवाची स्मृती' जागी होते की नाही हे संगणकाने सांगावयाचे, असे तिचे स्वरूप. न्यायालयाने अशा चाचणीवर इतका भर दिल्याची बातमी जगभर गेली आणि अनेक देशांतील मेंदूशास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ अथवा मेंदू-चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही.

त्या खटल्यातील सत्यासत्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मला त्यातून उचलावयाचा आहे तो धडा इतकाच. ऐकलेले, वाचलेले, कल्पिलेले आणि प्रत्यक्ष केलेले यांतील भेद विद्युत्लहरींवरून निश्चित करता येतो, हे पुरेसे तपासले जाण्यापूर्वीच त्या लहरींना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. मेंदूचे चिन्ह हेच मनाचे वचन मानले गेले. न्यायालयात अशा घाईने माणसाचे स्वातंत्र्य जाऊ शकते. आपल्या चिकित्सालयात अशाच घाईने कोणाचे पैसे जातात, कोणाचा वेळ जातो, आणि एखाद्या गुरुजींचे तीन महिने जातात.

मन अनुमानाने कळते

या बाबतीत आपले आचार्य आपल्यापेक्षा सावध होते. मन हे अतींद्रिय आहे, ते अनुमानाने जाणावे, ही आपल्या शास्त्राची स्पष्ट भूमिका आहे. विमानस्थानात चरकाचार्यांनी कोणता भाव कशावरून ओळखावा याची लांब यादीच दिली आहे. क्रोध हा इतरांशी केलेल्या द्रोहावरून, शोक हा दैन्यावरून, हर्ष हा आनंदाच्या आविष्कारावरून, भय हे विषादावरून, धैर्य हे संकटात न डगमगण्यावरून असे ते अनुमान. मनाची परीक्षा वागणुकीतून, बोलण्यातून, कर्मातून करावी, हे त्याचे सार. इंद्रियांचे नियमन, स्वतःचा निग्रह, ऊह आणि विचार ही जी मनाची कर्मे सांगितली आहेत तीही अशाच रीतीने पाहता येतात.

आपल्यापैकी काहींना असेही सांगण्याचा मोह होतो की मन मेंदूत असते हे आयुर्वेदाला पूर्वीच ठाऊक होते. त्यासाठी भेलसंहितेचा आधार दिला जातो, कारण तेथे मनाचे स्थान शिर आणि तालू यांच्या मध्ये सांगितले आहे. परंतु चरक आणि सुश्रुत हृदयाला चेतनेचे स्थान मानतात, हे त्याच वेळी सांगावयास नको काय? सोयीचे वचन घ्यावयाचे आणि गैरसोयीचे झाकावयाचे, ही वकिलाची रीत असेल, वैद्याची नव्हे. ग्रंथांत मतभेद होते, आणि ते लपविण्याची आवश्यकता आचार्यांना वाटली नाही.

मोजमापाला विरोध करावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. त्यांनी उड्डियान व नौली करणाऱ्याची क्ष-किरणांनी तपासणी केली, नौलीच्या वेळी बृहदंत्रात निर्माण होणारा ऋणदाब दाबमापकाने मोजला. जे मोजता येते ते मोजावे आणि जेवढे मोजले तेवढेच सांगावे, हा त्या कार्याचा वारसा आपल्याला लाभलेला आहे. शंभर वर्षांपूर्वी दाबमापकाने जे साधले त्यासाठी आज कोट्यवधींचे चुंबक हवेच, असे नाही.

ब्राह्मीचेच पाहा. ऑस्ट्रेलियात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४६ निरोगी व्यक्तींना बारा आठवडे, रोज ३०० मिलिग्रॅम ब्राह्मीसत्त्व अथवा तसेच दिसणारे निष्प्रभ द्रव्य दिले. कोणास काय मिळाले हे देणाऱ्यासही ठाऊक नव्हते. मेंदूचे चित्र काढले नाही. शिकण्याची गती, स्मरण, माहिती ग्रहण करण्याचा वेग यांच्या कसोट्या घेतल्या. काही कसोट्यांत फरक दिसला, तोही पाच आठवड्यांनी नव्हे, तर बारा आठवड्यांनी. मेध्य द्रव्यांविषयी रुग्णाशी बोलताना मला कोणत्याही रंगीत ठिपक्यापेक्षा ही माहिती अधिक उपयोगी पडते. निदान "तीन महिने धीर धरा" असे तरी आधाराने सांगता येते.

आपण काय करावे

मागील वर्षी बारावीतील एक मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडे आला. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून वडिलांनी परस्परच मुंबईस एमआरआय करविले होते. अहवाल निर्दोष होता, आणि वडील त्यामुळे अस्वस्थ होते. "रिपोर्ट नॉर्मल म्हणता, मग याचे मन का लागत नाही?" असा त्यांचा सवाल. त्यांना मी सांगितले की चंचलतेचे निदान आजही मेंदूच्या चित्रावरून कोणी करीत नाही. मोठमोठे मानसरोगतज्ज्ञही ते वागणुकीच्या इतिहासावरूनच करतात. मग मुलाशी एकट्याने बोललो. रात्री दीडपर्यंत हातात भ्रमणध्वनी, सकाळी सहाला शिकवणी, दुपारी झोप, आणि मनात एकच भय की वडिलांनी काढलेल्या कर्जाचे चीज होणार नाही. त्याने ते भय प्रथमच शब्दांत सांगितले. पुढची चिकित्सा सांगण्यासारखी विशेष नाही: निद्रेचे नियमन, एका वेळी एकच काम, रात्री पादाभ्यंग, यष्टीमधु चूर्ण, आणि पंधरा दिवसांनी येऊन बोलणे. तो सुधारला. कशाने सुधारला हे मला निश्चित सांगता येणार नाही, कारण पहिल्या दिवशी मी कोणतीही मोजदाद करून ठेवली नव्हती. हीदेखील चूकच.

म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना नोंदीची. मनाच्या तक्रारीचा प्रत्येक रुग्ण आला की सत्त्वपरीक्षेबरोबर चार-पाच साध्या कसोट्या घ्याव्यात: चैत्र ते फाल्गुन हे महिने उलट क्रमाने म्हणणे, शंभरातून सात-सात वजा करणे, सांगितलेले अंक उलट क्रमाने सांगणे, पाच वस्तूंची नावे दहा मिनिटांनी आठवणे. त्याबरोबर निद्रेचे तास, आणि लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी धारणीय वेगांपैकी कोणता प्रबळ आहे हे लिहावे. पंचेंद्रियांची परीक्षा, गंधासह, कधीही वगळू नये. सहा आणि बारा आठवड्यांनी हेच पुनः करावे. कसोटीची सवय झाल्यानेही थोडी सुधारणा दिसते, याचे भान ठेवून अंक व वस्तू दर वेळी बदलाव्यात. दापोलीपासून राजापूरपर्यंत आपल्यापैकी चाळीस-पन्नास जणांनी एकाच नमुन्यात अशा नोंदी वर्षभर ठेवल्या तर बारा जणांच्या चित्रांपेक्षा त्यांचे मोल आपल्याला अधिक असेल. त्यात अपयशेही लिहावीत.

दुसरी सूचना चित्रणाची. चाळिशीनंतर स्वभावात नव्याने पडलेला पालट, पहाटेची डोकेदुखी व उलटी, पहिल्यांदाच आलेला झटका, एका अंगाची दुर्बलता, दृष्टी वा गंधज्ञान मंदावणे, मूत्रावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास औषध सुरू करून वाट पाहू नये. त्याच दिवशी पुढे पाठवावे. आपल्या रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे; मानसरोगतज्ज्ञांचा सल्ला मागण्यात कमीपणा नाही. रुग्ण 'हातचा जाईल' ही भीती लोभाच्याच वर्गातील असून तो वेग धारण करण्याजोगा आहे.

तिसरी सूचना जाहिरातीची. मेंदूच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार कायद्याने प्रतिबंध आहे. पण कायद्याचे भय बाजूस ठेवले तरी, 'मेंदू-चित्रणाने सिद्ध' अशा मजकुराची पत्रके आपण चिकित्सालयात लावू नयेत आणि आपल्या अंकातही छापू नयेत, असा ठराव पुढील वार्षिक सभेत व्हावा. किती व्यक्तींवर, किती काळ आणि कशाशी तुलना करून अभ्यास झाला, हे तीन प्रश्न प्रत्येक औषध-प्रतिनिधीला विचारण्याची सवय आपण लावून घेतली तरी पुष्कळ होईल.

ते निवृत्त गुरुजी आजही अधूनमधून येतात. मोहोराच्या दिवसांत आले की हसून म्हणतात, "डॉक्टर, आंबा मोहोरला हे मला आता लोकांनी सांगावे लागते." ते सहज म्हणतात, त्यांच्या मनात माझ्याविषयी किल्मिष नाही. गाठीने तो गंध बहुधा आधीच नेला होता. माझ्या तीन महिन्यांनी त्यात किती भर घातली हे आता कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. मी मात्र तेव्हापासून टेबलाच्या खणात कापराची डबी ठेवली आहे, आणि मनाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम तिचा वास देतो.